दोन मिनिटं, प्रकाश येतोय

तुमच्या सोसायटीतही एक असणारच. निवृत्तीनंतर कुणी होमिओपॅथीकडे वळतं, कुणी सोसायटीच्या हिशेबांकडे. हा कॅमेऱ्याकडे वळतो. दहा-बारा खिशांचं खाकी जाकीट, गळ्यात पट्टा, आणि लग्नाच्या हॉलमध्ये लेन्सचं झाकण शोधत टेबलाखाली वाकलेला. मुलुंडच्या आमच्या बिल्डिंगमध्ये त्याला अण्णा म्हणतात. बँकेतून निवृत्त झाले, फंडाचे पैसे हातात आले आणि अण्णा थेट बोरा बाजारात जाऊन, घासाघीस करून, कुणाचा तरी वापरलेला कॅमेरा घेऊन आले. वहिनींना सांगितलेली किंमत आणि खरी किंमत यांत एका लेन्सचा फरक आहे, असं म्हणतात.

तेव्हापासून अण्णांच्या तावडीतून कुणी पटकन सुटलेलं नाही. "दोन मिनिटं, प्रकाश येतोय," हे त्यांचं पालुपद. गणपतीत आरती सुरू व्हायची, तर हे खिडकीकडे बघत उभे. प्रकाश आला तोवर कापूर संपला. मोदकपात्राचं झाकण वहिनींना इतक्यांदा उघडायला लावलं, की वाफेचा फोटो झकास आला आणि मोदक कच्चे राहिले. नातवाचं बारसं, वरच्या मजल्यावरच्या मुलीची पाठवणी, पाण्याचा टँकर. कशालाही सूट नाही. टँकरवाला तर घाबरला, त्याला वाटलं महापालिकेचा माणूस आहे.

बरं, एवढं थांबून निघायचं काय? सुरुवातीला काहीही नाही. तळमजल्यावरच्या काकांचं परीटघडीचं पांढरंशुभ्र धोतर अण्णांच्या फोटोत राखाडी आलं. काकांनी साबण बदलला. कॅमेऱ्याचा मीटर दिसेल ते मध्यम राखाडी मानूनच उजेड मोजतो, पांढऱ्यासाठी आपणच एक्स्पोजर थोडं वाढवायचं असतं, हे अण्णांना कळेपर्यंत काकांचे दोन साबण झाले. मग पार्श्वभूमी धूसर करणारी ५० मिलिमीटरची लेन्स आली. १.८ वर उघडलेल्या त्या लेन्सने हळदीकुंकवाचा ग्रुप फोटो काढला, त्यात मागच्या रांगेतल्या एकच बाई स्पष्ट आल्या. उरलेल्या अजून त्यांच्याशी नीट बोलत नाहीत.

त्यानंतर कृष्णधवल काळ. या काळात अण्णांना सगळीकडे सुरकुत्या आणि दुःख दिसायचं. स्टेशनबाहेरच्या भाजीवालीचे फोटो काढून तिला दाखवले, तर ती म्हणाली, "काका, रंगीत काढा की! टमाटे लाल दिसायला पाहिजेत." इतकी नेमकी समीक्षा अण्णांच्या वाट्याला पुन्हा आली नाही. ते मात्र आम्हाला छायाचित्रकार कार्तिए-ब्रेसाँ ऐकवत राहिले. १९५२ सालचं त्याचं पुस्तक, तो निर्णायक क्षण, वगैरे. ब्रेसाँ क्षण पकडायचा. आमचे अण्णा प्रकाशाची वाट बघत क्षण जाऊ द्यायचे.

पण माणूस चिवट. हिवाळा लागला की भांडुप पंपिंग स्टेशनला खाडीवर जायचं. पहिल्या वर्षी दाखवलेल्या फ्लेमिंगोंना आम्ही सेन्सरवरची धूळ समजलो. मग त्यांनी भरती-ओहोटीचं कोष्टक पाठ केलं: ओहोटीला चिखल उघडा पडतो तेव्हा पक्षी दूरवर पांगतात, पाणी चढायला लागलं की काठाकडे सरकतात, म्हणून तेव्हा आधीच जाऊन बसायचं. तिथे बसल्या बसल्या त्यांना हेही कळलं, की फ्लेमिंगोंच्या पंखांचा गुलाबी रंग खाण्यातून येतो आणि खाडीतलं शेवाळ आपल्या सांडपाण्यावर पोसतं. २०१५ मध्ये खाडीचं अभयारण्य झालं, २०२२ मध्ये पाणथळ जागांच्या रामसर यादीत नाव गेलं; एवढ्या मानसन्मानात मुलुंड-भांडुपच्या गटारांचा वाटा कुणी बोलून दाखवत नाही, ही अण्णांची खंत. फेब्रुवारी-मार्चमध्ये विक्रोळीला हायवेकडेची टॅबेबुया गुलाबी फुलली, की पहाटे तिथे. असं करता करता फोटो चांगले यायला लागले. आम्हाला ते मान्य करायला बराच वेळ लागला, कारण एकदा कौतुक केलं की अख्खा अल्बम बघावा लागतो.

ही थांबण्याची खोड कुठली, हे मला वहिनींकडून कळलं. अण्णांच्या मामांकडे आग्फा क्लिक थ्री होता, बडोद्याला तयार झालेला. एका रोलमध्ये बारा फोटो. ते बारा वर्षभर पुरवायचे. लहानग्या अण्णांना हात लावायची परवानगी नव्हती. फक्त "आता ऊन आलं का बघ" एवढं काम होतं. आता कार्डात हजारो फोटो मावतात, तरी हा गृहस्थ मामांच्या रोलची काटकसर करतोय.

मग निघाला पुनर्विकास. बिल्डिंगला तीस वर्षं उलटली, स्ट्रक्चरल ऑडिट झालं. संमती आता ५१ टक्के पुरते, २०१९ पूर्वी त्याहून जास्त लागायची. पण आमच्याकडे ५१ सुद्धा जमेनात. कमिटीने शक्कल काढली: अण्णांना भेगांचे, गळतीचे, उघड्या पडलेल्या गंजक्या सळ्यांचे फोटो काढायला सांगायचं, ते सभेत पडद्यावर दाखवायचे, म्हणजे लोक घाबरून सह्या करतील.

अण्णांनी काम मनापासून केलं. म्हणजे थांबून केलं. सभेत दिवे मालवले आणि पडद्यावर आली जिन्याची जाळी, भिंतीवर पडलेली तिची सावली, त्या सावलीतून तिरकी गेलेली भेग. मग ओल आलेली गच्ची, तिच्यात उलटं उतरलेलं आभाळ. पोपडे निघालेली भिंत, खाली आधीच्या रंगांचे थर: पिवळा, पोपटी, त्याखाली पहिला निळा. मागून एक आजी म्हणाल्या, "किती सुंदर आहे गं आपली बिल्डिंग!" त्या दिवशी दोघांनी दिलेली संमती मागे घेतली. सेक्रेटरी महिनाभर अण्णांना लिफ्टमध्ये घेत नव्हते.

बिल्डरचा माणूस रंगीत माहितीपत्रक घेऊन आला, तेव्हाही प्रश्न अण्णांचाच. "समोर बावीस मजली टॉवर उभा आहे. मग तुमच्या चित्रात या बाल्कनीत ऊन कुठून आलं?" कार्पेट एरिया, कॉर्पस फंड, भाडं, सगळ्याची उत्तरं त्याच्या फाईलमध्ये होती. याचं नव्हतं. शेवटी म्हणाला, "सर, लॉबीत एलईडी देतोय ना."

सह्या अखेर झाल्याच, पावसाळ्यात गळती कुणाला आवडते! घरं रिकामी व्हायला लागली आहेत आणि अण्णांना रोज एका घरातून बोलावणं येतं. गंमत म्हणजे, त्यांच्यावर चिडणारी हीच माणसं आता त्यांना वेळ सांगतात: "साडेचारला या, तेव्हा आमच्या ओट्यावर ऊन येतं." इतकी वर्षं त्या ओट्याशी उभं राहून कुणी हे बोललं नव्हतं. आमच्याकडे पावणेपाचला येतं, असं बायको म्हणते. अण्णा साडेतीनलाच येऊन बसतात, म्हणजे चहा दोनदा होतो, आणि दुसऱ्यांदाचा ते गार करूनच पितात.