चार आण्याची कोंबडी

माणसं पारखण्याबद्दल मला स्वतःविषयी फार आदर आहे. त्या आदरापायी आमच्या न्यू जर्सीच्या घरात एका डावखुऱ्या रिलीफ पिचरची 41 बेसबॉल कार्डं साठली आहेत. तो मायनर लीगमध्ये होता तेव्हाच त्याचं ‘बोमन फर्स्ट’, म्हणजे पहिलंवहिलं कार्ड नाचवत मी घरी जाहीर केलं होतं, “हा पोरगा नाव काढणार!” पोरगा वर मेजर लीगमध्ये आला, 11 इनिंग्ज टाकल्या आणि परत खाली गेला. या खाली जाण्याला मी मध्यंतर म्हणतो.

त्याची कार्डं दुकानात क्वार्टरच्या खोक्यात मिळतात. क्वार्टर म्हणजे शब्दशः चार आणे. त्यावर मी तीन डॉलरची चुंबकी डबी घेतो. मसाला बारा नाही, अठ्ठेचाळीस आण्यांचा निघाला. एक कार्ड तर ग्रेडिंगला पाठवलं. भिंग लावून चारही कोपरे तपासले होते, तरी दहापैकी नऊ! मुलीला गणितात कमी पडले तेव्हा मी इतका गप्प बसलो नव्हतो.

टंचाईशिवाय भाव नाही, हे मला पाठ आहे. 1952 सालची टॉप्स कंपनीची उरलेली कार्डं गोदामात जागा अडवत होती, म्हणून 1960 मध्ये साय बर्गर या त्यांच्याच माणसाने ती होडीत घालून अटलांटिकमध्ये बुडवली. तीही आमच्याच न्यू जर्सीच्या किनाऱ्यापुढे! त्यात गाजलेला खेळाडू मिकी मॅन्टलही गेला. बुडाला नाही असा एक मॅन्टल 2022 मध्ये 1 कोटी 26 लाख डॉलरना विकला गेला. तेव्हापासून आम्ही किनाऱ्यावर गेलो की बायको लाटा बघते आणि मी तळ. एकदा म्हटलं, “माझीही 40 बुडवली, तर उरलेल्या एकाचा भाव चढेल.” ती म्हणाली, “होडीचे पैसे मी देते.”

पण त्या होडीतून मॅन्टलसोबत इतरही कितीजण बुडाले, त्यांच्यासाठी कोणी उसासा टाकत नाही. या धंद्यात त्यांना ‘कॉमन’ म्हणतात, आणि या शब्दाचा मला खरंच राग येतो. 30 संघ, प्रत्येकी 26 खेळाडू. अख्ख्या मेजर लीगमध्ये जागा 780. त्यातली एक ज्याने थोडे दिवस का होईना मिळवली, तो कॉमन? मी आमच्या ऑफिसच्या मजल्यावर कितवा आहे, ते विचारू नका.

माझ्या पिचरच्या कार्डाच्या मागे मेजर लीगची एकच ओळ आहे. त्या ओळीसाठी कोणीतरी त्याला वर्षानुवर्षं पहाटे उठवून मैदानावर सोडलं असणार. ती ओळ मी अधूनमधून वाचतो, भिंगाशिवाय.

असो. त्याचं सोनेरी कडेचं, 50 प्रतींपैकी एक कार्ड कोणाकडे पडून असेल तर कळवा. पाच डॉलरच्या वर जाणार नाही.

बरं, सहा.