ह्यांचा पिंपळ

(रंगमंचावर स्टूल. त्यावर जुनं घमेलं, घमेल्यात झाडाचं वीतभर खोडकं, वर पारदर्शक प्लॅस्टिकची पिशवी. साठीच्या बाई येतात, पिशवीत डोकावतात, मग प्रेक्षकांकडे वळतात.)

हसू नका हो. झाड आहे ते! पिंपळ. आमच्या ह्यांचं बोन्साय.

हे सरकारी खात्यातून निवृत्त झाले. खात्याचं नाव घेत नाही, पेन्शन चालू आहे. निवृत्त झाल्याबरोबर ह्यांनी मला वरणाला फोडणी कशी द्यायची ते शिकवायला घेतलं. (कपाळाला हात) मला! तेवढ्यात बोन्सायचं खूळ डोक्यात शिरलं. म्हटलं, देवा, पावलास रे बाबा.

मी म्हटलं, नर्सरीतून आणा एखादं. तर म्हणे, "छे! खरा बोन्सायवाला झाड निसर्गातून उचलतो. जपानी लोक यामादोरी म्हणतात त्याला. डोंगरात जायचं आणि वाऱ्यापावसानं वाकलेलं, खुरटलेलं, म्हातारं झाड शोधायचं."

म्हटलं, वाकलेलं, खुरटलेलं, म्हातारं? त्यासाठी डोंगरात कशाला जायचं? (विंगेत बघतात.) चहा पितंय आत.

निघाले होते खुरपं घेऊन माथेरानला! मुलानं दारात अडवलं. "बाबा, राखीव जंगलातलं झाड उपटणं गुन्हा आहे. १९२७ चा भारतीय वन कायदा आहे." हे जागच्या जागी थबकले. कायद्याची भीती नाही हो! इतक्या जुन्या कागदाबद्दल ह्यांना मनापासून आदर.

मग सापडला हा, गच्चीच्या कठड्यात. कावळ्यानं कुठंतरी पिंपळाची फळं खाल्ली आणि उरलेलं कार्य आमच्या भेगेत उरकलं. सोसायटीच्या सेक्रेटरींनी लगेच लेखी परवानगी दिली. म्हणाले, झाड न्या, गळतीही घेऊन जा.

जूनमध्ये पाऊस लागला तसे हे छिन्नी-हातोडी घेऊन वर. तेव्हाच काढायचं म्हणे, हवेत ओल असते, झाड तग धरतं. तर मूळ गिलाव्याच्या आतून निघालंय थेट टाकीकडे! घाव घातला की पांढरा चीक. हातावर, चष्म्यावर, बनियनवर. त्या बनियननं आता फरशी पुसायलासुद्धा लाज वाटते. जाड मूळ छाटलं, शेंडा छाटला, पानं काढून टाकली. केसाएवढी बारीक मुळं तेवढी ओल्या गोणपाटात गुंडाळली, कारण पाणी तीच पितात. आणि हे खोडकं घेऊन हे जिन्यावरून असे उतरले, असे उतरले... मी बाळंतपणाला गेले होते तेव्हा ह्यांनी मुलालासुद्धा इतकं जपून आणलं नव्हतं!

दारात सासूबाई. "मेल्या, पिंपळ घरात आणलास? मुंजा येईल!"

म्हटलं, आई, येऊ दे. बसेल कुठं? फांदी तरी ठेवलीय का तुमच्या मुलानं?

मला वाटलं, आता छान निळं जपानी ताट येणार. तर माझं घमेलं गेलं! पहिली वर्षं ऐसपैस जागा लागते म्हणे, मुळं वाढायला, ताट नंतर. तळाला भोकं पाडली. विटांचे तुकडे, जाड रेती, जेमतेम मूठभर शेणखत. पाणी टाकलं की निथळून जायला हवं, नाहीतर मुळं कुजतात. खोड सुतळीनं घमेल्याला बांधलं, कारण हललं की नवी मुळं तुटतात. वर पिशवी, आणि सावलीत. संपलं. आता काय करायचं? काहीही नाही! तार नाही, कात्री नाही, खत नाही. वर्षभर हात लावायचा नाही.

(प्रेक्षकांच्या जवळ येतात.)

बघा हं. ज्या माणसानं उभ्या नोकरीत समोरच्या फायलीला हात लावला नाही, त्याला ह्या खोडाला हात लावल्याशिवाय झोप येईना! नखानं साल जरा खरवडायची, खाली हिरवं दिसलं तर झाड जिवंत. हे एकदा करायचं असतं. ह्यांनी सकाळी खरवडलं, दुपारी खरवडलं, रात्री टॉर्च लावून खरवडलं. सालच उरेना!

पाहुणे आले की हे वॉशिंग्टनच्या एका बोन्सायची गोष्ट सांगतात. पाइनचं झाड, १६२५ पासून कुंडीत. हिरोशिमावर बॉम्ब पडला तेव्हा तीनेक किलोमीटरवर होतं, तरी जगलं. पुढं १९७६ मध्ये जपान्यांनी ते अमेरिकेला भेट दिलं. पाहुणे म्हणतात, वा! मी म्हणते, अणुबॉम्ब सोसला खरा, पण त्याला आमचे हे भेटले नव्हते.

शेवटी मीच ह्यांना बहिणीकडे नाशिकला धाडलं. आणि ते नसताना, (पिशवी अलगद वर करतात) हे बघा. इथं, कापलेल्या जागेखाली. आधी सुईसारखं टोक आलं, त्याची टोपी गळली आणि आतून हे पान. तांबूस, ओलसर, चकचकीत, शेपटीसकट!

परत येऊन हे म्हणतात कसे, "बघ, माझ्या हाताला यश आहे." आता तारेचं भेंडोळं आणलंय. मी ते डाळीच्या डब्यात लपवलंय.

तेव्हा मंडळी, तुमच्या भिंतीत पिंपळ उगवला असेल, तर रीतसर विचारून, पाऊस लागल्यावर काढा. बारीक मुळं जपा आणि वर्षभर त्याच्या वाटेला जाऊ नका. फक्त आमच्या ह्यांना कळवू नका. गॅलरीत सहा घमेली झालीत, आणि कपडे वाळत घालायला एकच दोरी उरलीय!