बुडपाहे अण्णा

पाणी दिलं की माणूस पितो. अण्णा आधी ग्लास डोक्याच्या वर धरतात आणि खालून बघतात. आमच्या पेठेत त्यांना 'बुडपाहे अण्णा' म्हणतात. लोक दुसऱ्याच्या भांड्यांना नावं ठेवतात, अण्णा ती शोधतात. बिनबुडाचं असं ते काही बोलतच नाहीत.

बडोद्याच्या अलेंबिकचा 'येरा' ग्लास असेल तर अण्णा हिरमुसतात. बुडावर नावच छापलेलं. "आधार कार्ड घेऊन फिरणाऱ्या चोराला पकडून काय करायचं राव?" खरी रंगत बेनामी काचेत. अंगठ्याचं नख ते बाटलीच्या अंगावरून खालून वर हळूहळू नेतात. साच्याच्या दोन भागांची शिवण नखाला लागते. ती मानेपाशीच विरली तर तोंड हातानं घडवलेलं, पार काठावर चढली तर मशीनची बाटली. कापीव नक्षी बोटाला बोचते. साच्यात दाबून काढलेली मात्र चोखलेल्या खडीसाखरेसारखी गुळगुळीत लागते.

इथवर आपलं काही म्हणणं नाही. पण काचेत बुडबुडा दिसला की अण्णांचा ताबा सुटतो. "तळेगाव! पैसा फंड! १९०८!" लोकांनी पैसा पैसा देऊन उभा केलेला, टिळकांचा पाठिंबा लाभलेला तो कारखाना. त्या बुडबुड्यात टिळकांच्या काळातली हवा कोंडलीय, असं सांगून अण्णा ग्लास माझ्या नाकाशी धरतात. जणू वास येणार आहे. कंदिलाची काच असेल तर कराडजवळची ओगलेवाडी आणि १९१६ साल. तिथल्या 'प्रभाकर' कंदिलाचं नाव घेताना अण्णा पायातली चप्पल काढतात.

गंगावेशीच्या कट्ट्यावर म्हशीच्या धारोष्ण दुधानं ग्लास फेसासकट भरला की बूड काही दिसत नाही. मग एकच उपाय. एकदा तिथं तीन ग्लास तीन तऱ्हेचे निघाले. अण्णांनी तिन्ही रिकामे केले. पुढचे दोन दिवस ते घरातच होते.

आमच्या घरी आले तेव्हा लिंबू सरबत दिलं होतं. ते सवयीनं वर धरलं आणि अर्धं सोफ्यावर, अर्धं सदऱ्यावर. तेव्हापासून आमची ही त्यांना स्टीलच्या भांड्यातूनच पाणी देते. काचेचं काही नको, आणि भांडंही अर्धंच.

परवा आले. पाणी प्यायले. रिकामं भांडं हातात फिरवलं, आणि राहवेना म्हणून पालथं घातलं. बुडावर टोचून टोचून कोरलेली अक्षरं होती. चष्मा कपाळावर सरकवून अण्णांनी ती डोळ्याशी नेली. त्यांच्या कुटुंबाचं नाव. खाली सन १९८४.

कधीतरी हळदीकुंकवाला भांडी मागून आणली होती. ही पदर सावरत स्वयंपाकघरात गेली.

"हे मेकर मला म्हाईत हाय," अण्णा म्हणाले. "बाकीची पाच कुठायत?"