संत्रं का बोंड?

२०२२च्या जूनमध्ये अमरावती-अकोला रस्त्यावर, लोणी ते माना या टप्प्यात, एका लेनच्या हिशेबानं ७५ किलोमीटर डांबर १०५ तास ३३ मिनिटांत सलग टाकलं गेलं. गिनीज बुकात त्याची नोंद झाली. वऱ्हाडात कामं रेंगाळतात म्हणणाऱ्यांनी हा आकडा पाठ करून ठेवावा. हे जमलं कसं, यावर पुष्कळ लिहून आलं. पण त्या डांबराला लोगो ठरवायचा नव्हता, हे मुख्य कारण कोणी छापलं नाही.

आता समजा, या रस्त्याच्या दोन्ही टोकांच्या पोरांनी मिळून एक सॉफ्टवेअर लिहिलं. बाजार समितीतले कापूस, तूर, सोयाबीनचे रोजचे भाव मोबाइलवर मराठीत दाखवणारं. मुक्त सॉफ्टवेअर, म्हणजे फुकट तर आहेच, शिवाय त्याचा कोड उघडा, कोणीही वाचावा, सुधारावा, पुढं द्यावा. चार पोरं रात्री जागून दोन वर्षं ते लिहितील आणि पाचवा माणूस तिकडं फिरकणार नाही. मग एका सकाळी त्यातलंच एक पोरगं ग्रुपवर सहज विचारेल, ‘भाऊ, लोगो बदलून टाकू का?’ दुपारच्या चहापर्यंत ग्रुपात दोनशे तज्ज्ञ.

बैठक मूर्तिजापूरला ठरेल. अकोल्यानं अमरावतीला जायचं की अमरावतीनं अकोल्याला यायचं, हा वाद कोणत्याही सॉफ्टवेअरपेक्षा जुना आहे. अमरावतीकर वरुड-मोर्शीचं संत्रं घेऊन येतील. अकोलेकर म्हणतील, ‘हे संत्र्याचा भाव दाखवतेच कुठं? कापसाचं बोंड टाका.’

‘बोंडावर अळी पडते.’

‘अन् संत्र्याची गळ होत नाही काय?’

इथं कृषी विद्यापीठातून निवृत्त झालेले एक काका उठून दोन्हींवरच्या फवारणीबद्दल अर्धा तास बोलतील. बैठकीतला उपयोगाचा भाग तेवढाच. कोणी मेळघाटचा वाघ सुचवेल. पण नागपूरनं स्वतःला वाघांची राजधानी म्हणवून घेतलंय, त्यामुळे वाघ उष्टा. कोणी गाडगेबाबांचा खराटा म्हणेल आणि सभा एकदम गप्प होईल, कारण विरोध करायची कोणाची टाप नाही. शेवटी कोपऱ्यातली एक म्हातारी व्यक्ती म्हणेल, ‘बाबाचा खराटा हातात घ्या लागते, बापा. स्टिकर नाही तो.’

मग तडजोड म्हणून शकुंतला रेल्वे येईल. अचलपूर अमरावती जिल्ह्यातलं, मूर्तिजापूर अकोल्यातलं, दोघांना जोडणारी नॅरोगेज. टाळ्या पडणार, तेवढ्यात एक जण: ‘पण थे यवतमाळलेबी जाये. मंग यवतमाळले इचारा लागन.’ दुसरा: ‘अन् गाडी तं बंद हाये.’ तिसरा, तो कोड लिहिणाऱ्या चौघांतला: ‘आपला सर्व्हर कोणता चालू हाये?’

त्याच्याकडं कोणी लक्ष देणार नाही.

हे फक्त आपल्याकडं होतं असं समजू नका. एवढी मक्तेदारी वऱ्हाडाला कोणी देणार नाही. पार्किन्सन नावाच्या इंग्रज लेखकानं १९५७ साली एका समितीचं वर्णन केलं होतं. तिच्यासमोर अणुभट्टीचा विषय येतो आणि अडीच मिनिटांत मंजूर होतो, कारण अणुभट्टी कोणाला कळत नाही. पुढचा विषय सायकली ठेवायच्या शेडचा. त्यावर पाऊण तास चर्चा, कारण शेड प्रत्येकानं पाहिलेली असते. १९९९ मध्ये फ्रीबीएसडी या मुक्त प्रणालीचे पॉल-हेनिंग काम्प यांनी हा दाखला देऊन आपल्या सहकाऱ्यांना झापलं, आणि तेव्हापासून जगभरचे प्रोग्रामर असल्या वादांना ‘बाइकशेड’ म्हणतात. एवढं ज्ञान झालेल्या त्याच फ्रीबीएसडीनं २००५ मध्ये काय केलं? लोगोची स्पर्धा घेतली. त्यांच्याकडं आधीपासून बूट घातलेला, लाल रंगाचा एक गोड सैतान होता. स्पर्धेतून निघाला लाल गोळा. शिंगं तेवढी ठेवली.

डेबियन या दुसऱ्या मुक्त प्रणालीवाल्यांचं तर विचारूच नका. १९९९ मध्ये त्यांनी राउल सिल्वा यांचा लाल भोवरा निवडला. एक नुसता, एक बाटलीतून निघणारा; एक सगळ्यांसाठी खुला, एक फक्त अधिकृत वापराचा. मग या दोघांची अदलाबदल करावी का, यावर पुन्हा मतदान! कोड साऱ्या जगाला वाटून टाकणारी माणसं चित्राच्या बाबतीत सात-बारा काढून बसतात, तो हा असा.

आणि लिनक्सचा पेंग्विन? लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांना ऑस्ट्रेलियातल्या एका प्राणिसंग्रहालयात पेंग्विन चावला होता, एवढीच त्यामागची सखोल संकल्पना. त्यांना पोटभर जेवून सुस्तावलेला पेंग्विन हवा होता; आपल्याकडं रोडगे-वरण झाल्यावर पंगतीतली मंडळी बसतात तसा. १९९६ मध्ये लॅरी यूइंग यांनी तो जिम्प या मुक्त सॉफ्टवेअरवर काढला. लोगोच्या स्पर्धा झाल्या, त्यांत तो हरला. आज जिंकलेले लोगो कोणाला आठवत नाहीत, पेंग्विन सगळीकडं आहे. माझ्या मते मुक्त सॉफ्टवेअरच्या इतिहासातला सर्वांत चांगला निर्णय तो, जो परीक्षकांनी घेतलाच नाही.

स्पर्धेतून चांगलं निघतच नाही असं नाही. रुपयाचं चिन्ह स्पर्धेतूनच आलं; आयआयटी मुंबईत संशोधन करणाऱ्या डी. उदयकुमार यांचं, १५ जुलै २०१० रोजी मंत्रिमंडळानं मंजूर केलेलं. स्वच्छ भारतचा गांधींचा चष्माही २०१४ च्या स्पर्धेतला, कोल्हापूरच्या अनंत खासबारदार यांचा. पण दोन्हींत एकच डोकं आणि मोजक्या रेषा आहेत. रुपयात थोडं संत्रंही टाका असं सांगायला तिथं मूर्तिजापूरची बैठक नव्हती.

आपल्या बैठकीत मात्र सर्वसंमती होईल. संत्र्याच्या आत बोंड, बोंडाभोवती रूळ, रुळावर वाघ, वाघामागं यवतमाळसाठी राखून ठेवलेली मोकळी जागा. मोबाइलवर नखाएवढं केल्यावर कोणालाच काही ओळखू येणार नाही, म्हणून कोणाची हरकतही उरणार नाही. ठराव मंजूर, फोटो, गिला वडा.

या सगळ्या गडबडीत ॲप तीन आठवड्यांपासून तुरीचा तोच जुना भाव दाखवत असेल. चौघांपैकी एकानं पुण्यात नोकरी धरली, दुसऱ्याची परीक्षा आहे. तेव्हा वाचकांना विनंती: ज्यांना कोड लिहिता येतो, किंवा शिकायची तयारी आहे, त्यांनी उरलेल्या दोघांना हात द्यावा. लोगोबद्दल सूचना पाठवू नयेत.