मदतीचा हात स्त्रीलिंगी

परदेशी जाऊन गोरगरिबांची सेवा करायची आणि जाता जाता स्पॅनिशही शिकून यायचं, असा दुहेरी बेत आखणाऱ्यांची सामानाची यादी पाहण्यासारखी असते. कावीळ आणि विषमज्वराच्या लसी, डासांचं मलम, डोंगर चढायचे बूट, मुलांना वाटायला रंगीत खडू. यादीत सगळं असतं. आपल्याला नेमकं कोणतं काम येतं, एवढी एकच नोंद नसते. ती विचारायची पद्धतही नाही, कारण सेवेला पात्रता लागत नाही असं आपण धरूनच चाललो आहोत. न्हाव्याच्या दुकानातसुद्धा नव्या पोऱ्याला आधी केस झाडायला लावतात. परोपकारात मात्र पहिल्याच दिवशी वस्तरा हातात मिळतो.

ग्वाटेमालातलं अँटिग्वा हे या वारीचं पंढरपूर. 1773 च्या भूकंपानंतर राजधानी इथून हलली, पडकी चर्चेस तशीच राहिली, आणि आता त्यांच्या सावलीत गल्लोगल्ली स्पॅनिशच्या शाळा आहेत. शाळांबद्दल तक्रार करायला जागा नाही. अंगणात लहानसं टेबल, एका विद्यार्थ्यासमोर एक शिक्षिका, रोज चार तास, आणि मुक्काम एखाद्या स्थानिक कुटुंबात. जेवून उठताना आपण ‘मुचास ग्रासियास’ म्हणायचं, बाकीच्यांनी ‘बुएन प्रोवेचो’ म्हणायचं. जवळच्या माणसाला ‘वोस’, परक्याला ‘उस्तेद’; ‘तू’ आणि ‘तुम्ही’ची सवय असलेल्या मराठी माणसाला हे इंग्रजांपेक्षा लवकर उमगावं. घोळ होतो तो दुपारी. कारण पुष्कळ ठिकाणी सकाळच्या शिकवणीला दुपारचं ‘स्वयंसेवन’ जोडलेलं असतं. म्हणजे सकाळी स्वतःचा भूतकाळ शिकायचा आणि दुपारी दुसऱ्यांचा भविष्यकाळ घडवायचा.

जरा हिशेब मांडू. अमेरिका आपल्या राजनैतिक अधिकाऱ्यांना भाषा शिकवते, आणि इंग्रजी बोलणाऱ्याला स्पॅनिशमध्ये कामापुरतं तयार व्हायला वर्गातले सुमारे 600 ते 750 तास लागतात, असा हे शिक्षण देणाऱ्या सरकारी संस्थेचा अनुभव आहे. तीही सोप्या गटातली भाषा म्हणून. आपला सेवाभावी पाहुणा रोज चार तासांप्रमाणे चार आठवड्यांत 80 तास बसतो. 1961 साली सुरू झालेल्या अमेरिकेच्या पीस कोअरमध्ये नेमणूक 27 महिन्यांची असते आणि त्यातले पहिले तीनेक महिने भाषेच्या आणि कामाच्या प्रशिक्षणातच जातात. म्हणजे ज्यांनी ही गोष्ट गंभीरपणे घेतली त्यांची नुसती तयारीच आपल्या पाहुण्याच्या सगळ्या सेवेहून लांब. आणि घाई नसलेल्यांचा कळस पाहायचा तर आपल्या गोव्यातच पाहावा: इंग्लंडचा पाद्री थॉमस स्टीफन्स 1579 मध्ये तिथे उतरला आणि त्याचं मराठी ‘ख्रिस्तपुराण’ छापून निघालं 1616 मध्ये. त्याचा उद्देश सेवेचा होता की धर्मप्रसाराचा, हा वाद वेगळा. 37 वर्षांत वाद घालण्याइतकी भाषा तरी त्याला आली.

आता दुपारच्या वर्गात डोकावू. पाहुणा फळ्यावर हाताचं चित्र काढतो आणि ‘एल मानो’ लिहितो, कारण शेवटी ‘ओ’ आला की पुल्लिंगी असं सकाळीच शिकलेला असतो. वर्ग ओरडतो, ‘ला मानो!’ स्पॅनिशमध्ये हात स्त्रीलिंगी. फळ्यावरचं ‘एल’ पुसून पाहुणा पुन्हा लिहितो. त्या मिनिटात कोणी कोणाला मोफत शिकवलं? शिवाय ग्वाटेमालात माया कुळातल्या 22 भाषा बोलल्या जातात. वर्ग तिथल्या आतित्लान तळ्याकाठच्या गावात असेल तर त्या पोराची घरची भाषा काक्चिकेल किंवा त्सुतुहिल असू शकते आणि स्पॅनिश त्यालाही शाळेतच भेटलेली असते. म्हणजे परक्या भाषेत अडखळणाऱ्या पाहुण्याला सावरून घेणारा पोरगाही परक्याच भाषेत बोलतोय, आणि प्रमाणपत्र मिळणार पाहुण्याला. बांधकामावर पाठवलं तर गवंड्याचं काम दुप्पट होतं: एक भिंत ओळंब्यात ठेवायची आणि दुसरं, थापी उलटी धरलेल्या माणसाचं मन मोडायचं नाही.

‘काहीच न करण्यापेक्षा हे बरं’ असं यावर म्हणतील. बरं कोणाला, ते सांगितलं तर विचार करता येईल. त्या गावात गवंड्यांचा तुटवडा नाही; असलीच तर मजुरीच्या पैशांची टंचाई असते. ‘पाहुण्यांमुळे गावात पैसा येतो’ हा आक्षेप मात्र वजनदार आहे आणि खराही. शिक्षिकेचा पगार, ठेवून घेणाऱ्या घराचा खर्च त्यातून निघतो. पण तो पैसा विद्यार्थी म्हणून दिलेल्या फीचा आहे. सेवा वजा केली तरी तो येतच राहील, आणि दुपारी आणखी एक तास शिकवणी घेतली तर वाढेलसुद्धा. नर्सबाई, दंतवैद्य यांचं वेगळं, त्यांच्या हातात कसब आहे, हेही कबूल. तरी ‘दुखतंय’ आणि ‘दुखत होतं’ यातला फरक त्यांना आधी कळलेला बरा.

राहिला चांगल्या हेतूचा मुद्दा. त्याचं उत्तर विचारवंत इव्हान इलिच यांनी एप्रिल 1968 मध्ये देऊन ठेवलंय. मेक्सिकोत सेवा करू पाहणाऱ्या अमेरिकी विद्यार्थ्यांच्या संमेलनात त्यांनी तोंडावर सांगितलं की बघायला या, डोंगर चढा, शिका, पण मदत करायला येऊ नका. इथली भाषा न कळणाऱ्या तुम्हाला लोक तुमच्याबद्दल काय म्हणतात हेसुद्धा कळत नाही. गंमत अशी की हे बोलणारा गृहस्थ मेक्सिकोतल्या कुएर्नावाकात परदेशी मंडळींना स्पॅनिश शिकवणारं केंद्र चालवत होता. त्याने गिऱ्हाईक तोडलं नाही, पाटीवरचा दुसरा माल तेवढा उतरवायला लावला. चांगल्या हेतूचा घोळ व्याकरणातही सापडतो. स्पॅनिशमध्ये ‘असणं’ दोन क्रियापदांत वाटलेलं आहे: स्वभावाने असणं ते ‘सेर’, सध्यापुरतं असणं ते ‘एस्तार’. ‘मी बरा आहे’ म्हणायला जाऊन नवशिका चुकीचं क्रियापद उचलतो आणि ‘मी सज्जन आहे’ असं सांगून बसतो. चार आठवड्यांच्या सेवकाची ही चूक मात्र सगळ्यांनी व्याकरणाची समजून सोडून दिलेली दिसते.

अमेरिकेतून ग्वाटेमालात येऊन खरोखर राबणारं कोणी असेल, तर ती पिवळी स्कूलबस. तिकडे सेवानिवृत्त झाली की ती इकडे विकली जाते. आल्या आल्या तिला कोणी कामावर सोडत नाही. आधी स्थानिक मिस्त्री तिला उघडतो, घाटाला झेपेल असं यंत्र बसवतो, टपावर कॅरिअर चढवतो, अंगाला लाल-हिरवा रंग फासतो. मग ती ‘कामियोनेता’ होते आणि बाजारकऱ्यांच्या टोपल्या टपावर घेऊन भल्या पहाटे घाट चढू लागते. पाहुणे तिचे फोटो काढतात. ती कोणाचे काढत नाही, आणि परतीचं तिकीटही तिच्याजवळ नसतं.