पाहिलं ते लिहा

अपघाताची पोलीस फिर्याद उघडली की एक वाक्य हमखास भेटतं. चालकाने वाहन ‘भरधाव वेगाने, हयगयीने व अविचाराने, रस्त्याच्या परिस्थितीकडे दुर्लक्ष करून’ चालवले. कसारा घाटात ट्रक उलटला तरी हेच वाक्य आणि पेठेतल्या बोळात स्कूटरने म्हाताऱ्याला उडवलं तरी हेच.

हे वाक्य फिर्यादीचं नसतं. जिचा नवरा रस्त्यावर गेला, ती बाई ठाण्यात येऊन ‘हयगयीने व अविचाराने’ म्हणत नाही. ती सांगते, वळणावर एसटी उभी होती, मागून डंपर आला, एसटीला उजवीकडून काढायला गेला आणि समोरून येणाऱ्या आमच्या मोटरसायकलवर चढला. यात वळण आहे, उभी एसटी आहे, समोरचं न दिसता केलेलं ओव्हरटेक आहे, चुकीची बाजू आहे. निष्काळजीपणा सिद्ध करायला आणखी काय हवं? समोर बसलेला रायटर हे सगळं ऐकतो आणि साचा टाइप करतो. बाईने आणलेला पुरावा कागदावर येण्याआधीच संपतो.

साच्याची किंमत सर्वोच्च न्यायालयाने कधीच सांगून ठेवली आहे. कर्नाटक सरकार विरुद्ध सतीश, 1998. ट्रक उलटला, माणसं मेली, साक्षीदार म्हणाले की वेग खूप होता. न्यायालयाने म्हटलं, नुसत्या ‘खूप वेगा’वरून बेदरकारपणा ठरत नाही. खूप म्हणजे किती, हे कोणीच सांगितलं नव्हतं. चालकाची सुटका कायम राहिली. या निकालाला पाव शतकाहून अधिक काळ लोटला, भारतीय दंड संहिता गेली, 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता आली, कलम 279 चं 281 झालं. ‘भरधाव वेगाने’ मात्र जागचं हललं नाही.

मूळ चूक एकच आहे. कलमात जे शब्द आहेत तेच फिर्यादीत उतरवले की गुन्हा पक्का झाला, असा समज ठाण्या-ठाण्यात घर करून बसला आहे. चोरीच्या फिर्यादीत ‘माझ्या संमतीवाचून, स्वतःच्या आर्थिक फायद्याकरिता, मुद्दाम लबाडीने’ हे न चुकता येतं. मोबाइलचा आयएमईआय क्रमांक मात्र ‘नंतर देतो’वर राहतो. मारामारीत ‘लाथाबुक्क्यांनी मारहाण करून, शिवीगाळ करून, जिवे मारण्याची धमकी दिली’ हे येतं. पण चौघांपैकी काठी कोणाच्या हातात होती, धरलं कोणी, पहिला फटका कुठे बसला, ते येत नाही. मग खटल्यात ‘चौघांनी मिळून मारलं’ एवढंच उरतं आणि बचावाचा वकील एकेकाला अलगद बाजूला काढतो. लबाडी होती की नाही, हयगय होती की नाही, हे न्यायाधीशाने ठरवायचं. पोलिसाने लिहायचं ते डोळ्यांनी काय दिसलं, कानांनी काय ऐकलं, कोणाच्या आणि किती वाजता.

पोलिसांना हे लिहिता येत नाही, असं मुळीच नाही. जप्तीच्या पंचनाम्यातलं ‘पिवळ्या धातूचे मंगळसूत्र’ आठवा. लोक त्यावर हसतात. मला ते पोलिसी लिखाणातलं सर्वांत प्रामाणिक वाक्य वाटतं. पंचासमोर जे होतं ते पिवळं होतं आणि धातूचं होतं. सोनं आहे की मुलामा, हे सराफ तपासून सांगेल. दिसलं तेवढंच लिहिलं, पुढचं ज्याचं काम त्याच्यावर सोडलं. मंगळसूत्राच्या बाबतीत जी शिस्त पाळली जाते ती माणसांच्या बाबतीत का पाळली जात नाही?

अॅट्रॉसिटीच्या फिर्यादीत या शिस्तीअभावी सर्वांत मोठा घात होतो. 1989 च्या कायद्यात जातीवरून अपमान करण्याचं आणि जातीचं नाव घेऊन शिवीगाळ करण्याचं जे कलम आहे, त्यात ती घटना लोकांच्या नजरेच्या टप्प्यात घडलेली असणं आवश्यक आहे. 2020 साली हितेश वर्मा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने याच मुद्द्यावर आरोप टिकू दिला नाही. घटना घराच्या चार भिंतींच्या आत घडल्याचं म्हटलं होतं आणि बाहेरचं कोणी तिथे नव्हतं. हे माहीत असूनही फिर्यादीत ‘जातीवाचक शिवीगाळ केली’ या तीन शब्दांवर भागवलं जातं. नेमकं काय म्हणाला? कुठे उभा राहून म्हणाला, अंगणात की माजघरात? तेव्हा ओट्यावर, रस्त्यावर, नळावर कोण होतं? लिहिणाऱ्याला ते शब्द कागदावर आणणं ओशाळवाणं वाटतं, हे मी समजू शकतो. ज्याने ते ऐकून घेतले त्याला ते किती बोचले असतील याचा विचार करून तरी ते जसेच्या तसे लिहावेत. सभ्यतेखातर गाळलेला शब्द शेवटी शिवी देणाऱ्याच्या उपयोगी पडतो. बाईशी ‘अश्लील वर्तन केले’ हेही तसंच. काय केलं ते लिहिलं नाही, तर काहीच लिहिलं नाही.

साक्षीदारांच्या जबाबांची गत आणखी वाईट. 2025 साली मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने एका तरुण मुलीच्या आत्महत्येच्या प्रकरणात कागद पाहिले, तर वेगवेगळ्या साक्षीदारांचे परिच्छेद त्याच शब्दांनी सुरू होत होते आणि त्याच शब्दांनी संपत होते. न्यायालयाने या कॉपी-पेस्टच्या चालीची स्वतःहून दखल घेतली. अशा जबाबावर साक्षीदाराची सही घेतली जात नाही. कायद्यातच तशी मनाई आहे. म्हणजे ज्याच्या तोंडी ते घातलं, त्याला ते बहुधा थेट पिंजऱ्यात उभं राहिल्यावर कळतं. तिथे तो आपल्या भाषेत खरं बोलू लागतो आणि जबाबातल्या मजकुराशी ते जुळत नाही म्हणून खोटा ठरतो. खरं बोलणाऱ्याला खोटं पाडण्याचा याहून हमखास मार्ग नाही.

निवेदन पंचनाम्यात एकेका शब्दावर माणसाचा जीव टांगलेला असतो. ‘चाकू मी अमुक ठिकाणी लपवला आहे, काढून देतो’ असं आरोपी म्हणाला आणि चाकू निघाला, तर तेवढा भाग पुराव्यात येतो. जुन्या पुरावा कायद्याचं कलम 27 ते हेच. उत्तर प्रदेशातल्या एका खटल्यात पत्नी आणि चार मुलींना मारल्याच्या आरोपावरून फाशी झालेल्या माणसाची 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सुटका केली. आरोपी नेमक्या कोणत्या शब्दांत काय म्हणाला, हे धडपणे सिद्ध झालं नाही, हे त्यामागच्या कारणांपैकी एक. पंचांसमोर, आरोपीच्याच शब्दांत लिहा, असं न्यायालयाने तिथे स्पष्ट बजावलं. तो माणूस निर्दोष असेल तर तो इतकी वर्षं फाशीच्या छायेत होता. दोषी असेल तर त्या पाच जिवांना न्याय मिळाला नाही. दोन्हींपैकी काहीही खरं असो, नीट लिहिलेल्या कागदाने हे टळू शकलं असतं.

घटनास्थळाचा पंचनामा घ्या. पूर्वेस काय, पश्चिमेस काय, चतुःसीमा अगदी चोख लिहिलेली असते. रात्री अकराला वार झाला आणि साक्षीदार म्हणतो की मी ओळखलं. पण खांबावरचा दिवा चालू होता का, तो किती फुटांवर, साक्षीदार कुठे उभा होता, हे त्यात नसतं. उलटतपासणीत पहिला प्रश्न उजेडाचाच येतो. आता नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 105 प्रमाणे झडती-जप्तीचं चित्रण करावंच लागतं. चांगलंच आहे. पण दिवा चालू होता की नाही हे दुसऱ्या दिवशी उन्हात केलेल्या चित्रणात दिसत नाही. ते विचारावं लागतं आणि लिहावं लागतं.

ठाण्यातल्या रायटरवर कामाचा डोंगर असतो, हे खरंच आहे. एकाच पाळीत बंदोबस्त, कोर्टाचं समन्स, अकस्मात मृत्यू आणि तीन फिर्यादी. साचा वेळ वाचवतो. म्हणून अधिकाऱ्याने साच्याकडे काणाडोळा करायचा, हे मात्र मान्य नाही. तपासी अंमलदाराने सही करण्यापूर्वी प्रत्येक फिर्यादीला एकच प्रश्न विचारावा. यातली नावं आणि तारीख काढली, तर हा कागद दुसऱ्या कुठल्याही गुन्ह्याला चालेल का? चालत असेल तर परत लिहायला लावा.

फिर्याद देणाऱ्यांनीही आपला हक्क वापरावा. लिहिलेलं वाचून घ्या, वाचता येत नसेल तर वाचून दाखवायला लावा. आपण न बोललेलं वाक्य दिसलं तर सहीआधी काढायला सांगा. प्रत मोफत मिळते, ती मागून घ्या. उशिरा आला असाल तर उशीर का झाला हे त्याच कागदावर खऱ्या कारणासह येऊ द्या. ‘घाबरलो होतो’ हेही कारण आहे. ते आठ महिन्यांनी कोर्टात सांगितलं तर बनाव वाटतं.

आणि गृहखात्याला एक जुनी आठवण. गुजरात सरकार विरुद्ध किशनभाई या खटल्यात एका लहान मुलीवरचा बलात्कार आणि खून तपासातल्या ढिलाईमुळे सिद्ध झाला नाही. तेव्हा, जानेवारी 2014 मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने सगळ्या राज्यांना सांगितलं की प्रत्येक सुटकेची कारणं वरिष्ठ पोलीस आणि सरकारी वकील मिळून तपासा आणि त्यातून निघालेले धडे पोलिसांच्या प्रशिक्षणात आणा. हे धडे आयुक्तालयाच्या फायलीत ठेवण्यासाठी नव्हते. ज्या ठाण्यातून ती फिर्याद गेली, त्या ठाण्यातल्या त्या रायटरच्या टेबलावर निकालाची प्रत जाऊ द्या, त्याच्या कुठल्या ओळीमुळे आरोपी सुटला ते लाल पेन्सिलीने खुणा करून. पुढची फिर्याद लिहायला बसण्यापूर्वी त्याने ती वाचलेली असावी.