खासगीपणा, जाहिरातदारांच्या सौजन्याने

गूगलची पालक कंपनी अल्फाबेट. २०२४ साली तिचा महसूल होता ३५० अब्ज डॉलर. त्यातले सुमारे २६५ अब्ज जाहिरातींचे. म्हणजे रुपयातले बारा आणे. हीच कंपनी आपल्याला क्रोम नावाचा ब्राउझर फुकट देते.

का देते, हे कळायला अर्थशास्त्राची पदवी लागत नाही. कोपऱ्यावरचा वाणीही सांगेल.

तरीही अधूनमधून क्रोममध्ये एक खिडकी उघडते आणि गोड आवाजात सांगते, तुमचा खासगीपणा आम्ही जपतोय. कोणापासून जपताय, ते मात्र बारीक अक्षरातही लिहिलेलं नसतं.

क्रोममधली ‘गुप्त’ सोय, इन्कॉग्निटो, घ्या. काळी खिडकी, हॅट, चष्मा. बायकोच्या वाढदिवसाची भेट शोधायलाच ही खिडकी उघडतो, असं सगळे नवरे सांगतात. आपण मान डोलावू आणि पुढे जाऊ.

त्या खिडकीत कित्येक वर्षं एक यादी होती. तुम्ही काय पाहता ते अजूनही कोणाला दिसू शकतं? तुम्ही उघडलेल्या वेबसाइट्सना. तुमच्या ऑफिसला किंवा शाळेला. इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीला. किती प्रामाणिक यादी! एकच नाव तेवढं राहून गेलं होतं.

यादी लिहिणाऱ्याचं.

२०२० साली कॅलिफोर्नियात काही जण यावरून कोर्टात गेले. मागणी होती किमान पाच अब्ज डॉलरची. कंपनीचा बचाव असा की, इन्कॉग्निटो म्हणजे अदृश्य, असं आम्ही कधी म्हटलंच नव्हतं. मग हॅट आणि चष्मा कशाला? उन्हासाठी?

खटल्यात कंपनीची आतली पत्रं बाहेर आली. २०२१ मध्ये मार्केटिंगच्या प्रमुख बाईंनी थेट मुख्य कार्यकारी अधिकारी सुंदर पिचाईंना कळवलं होतं की, इन्कॉग्निटो खऱ्या अर्थाने खासगी नाही, त्यामुळे त्याबद्दल बोलताना गुळमुळीत भाषा वापरावी लागते. जगाला जाहिराती विकणाऱ्या कंपनीत एका वस्तूची जाहिरात करताना जीभ अडखळली, ती नेमकी याच वस्तूची.

एप्रिल २०२४ मध्ये तडजोडीचा तपशील जाहीर झाला. अब्जावधी नोंदी पुसायच्या आणि खिडकीतला मजकूर सुधारायचा. पाच अब्जांच्या दाव्यातून सामान्य वापरणाऱ्याच्या हातात रोख किती आलं? शून्य. हवं तर ज्याने त्याने आपापला दावा लावावा. मजकुरात मात्र भर पडली: माहिती गोळा करणाऱ्यांत ‘गूगलसह’ सगळे आले.

एक शब्द छापून घ्यायला जवळपास चार वर्षं लागली. आपल्याकडच्या कोर्टांना उगाच नावं ठेवतो आपण.

हे काही पहिलंच प्रकरण नव्हे. ॲपलच्या सफारी ब्राउझरमध्ये बाहेरच्या बहुतेक कुकीज, म्हणजे माग काढणाऱ्या छोट्या खुणा, आधीपासूनच अडवलेल्या असायच्या. गूगलने सफारीवाल्यांना सांगितलं, तुम्हाला काही करायला नको, तुम्ही सुरक्षित आहात. आणि मागच्या दाराने स्वतःची कुकी आत सोडली. २०१२ साली अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने त्यासाठी २ कोटी २५ लाख डॉलरचा दंड केला. दुसऱ्याच्या घराचं कुलूप जो जुमानत नाही, त्याने आपल्याला कुलूप विकायला घेतलंय.

आता कुकीजचा तमाशा. वग लांबला, पण गंमत त्यातच आहे.

तुम्ही एका ठिकाणी मिक्सर बघता. मग बातम्या वाचताना मिक्सर, राशिभविष्य वाचताना मिक्सर, श्रद्धांजलीच्या मजकुराशेजारी मिक्सर. तुम्ही तो केव्हाच विकत घेतलाय, चटणीही वाटून झाली, तरी मिक्सर पाठ सोडत नाही. ही करामत थर्ड पार्टी, म्हणजे बाहेरच्या, कुकीची. फायरफॉक्सने २०१९ मध्ये पाळत ठेवणाऱ्या कुकीज आपणहून अडवायला सुरुवात केली. सफारीने मार्च २०२० मध्ये बाहेरच्या सगळ्याच बंद केल्या. दोघांनी बोर्ड न लावता काम केलं.

क्रोमने बोर्ड लावला.

जानेवारी २०२० मध्ये घोषणा झाली: दोन वर्षांत कुकीज हद्दपार. २०२१ मध्ये सांगितलं, २०२३ ला करू. २०२२ मध्ये सांगितलं, २०२४ ला करू. जानेवारी २०२४ मध्ये खरोखर सुरुवात झाली, एक टक्का लोकांपासून. एप्रिलमध्ये सांगितलं, आता २०२५. जुलैमध्ये सांगितलं, हद्दपारी रद्द, तुम्हालाच विचारू. एप्रिल २०२५ मध्ये सांगितलं, विचारणारही नाही.

आपल्याकडे उड्डाणपुलांचंही असंच होतं. पण निदान खांब तरी उभे राहतात.

कुकीजच्या जागी काय येणार होतं, तेही बघा. प्रायव्हसी सँडबॉक्स नावाची अख्खी योजना. त्यातला पहिला गाजलेला प्रयोग फ्लॉक. तुम्ही कुठे कुठे जाता ते क्रोमने स्वतःच पाहायचं आणि सारख्या आवडीच्या हजारो माणसांच्या कळपात तुम्हाला ढकलायचं. जाहिरातदाराला तुमचं नाव कळणार नाही, फक्त कळपाचा क्रमांक कळेल. बाहेरचे पाठलाग करतात ना? थांबा, ते काम आता घरातूनच होईल.

मार्च २०२१ मध्ये चाचणीसाठी देश निवडले. अमेरिका, ब्राझील, जपान, इंडोनेशिया, आणखी काही. यादीत अर्थातच भारत. ज्यांच्यावर चाचणी झाली, त्यांना वेगळं काही विचारलं नाही. युरोपीय संघ मात्र तूर्त बाहेर ठेवला, कारण तिथे खासगीपणाचा कायदा कडक. आपलं विधेयक तेव्हा संसदेच्या संयुक्त समितीत मुक्कामाला होतं.

खासगीपणा वाढवणारी योजना, आणि खासगीपणाचा कायदा कडक आहे तिथेच ती राबवायला धजावत नाहीत! पुढे बोलायची गरज आहे?

टीका इतकी झाली की जानेवारी २०२२ मध्ये फ्लॉक गुंडाळलं. जागेवर टॉपिक्स आलं. दर आठवड्याला तुमच्या आवडीचे पाच विषय क्रोम काढणार, तीन आठवडे जपणार आणि विचारणाऱ्या वेबसाइट्सना त्यातून एकेक पुरवणार. २०२३ मध्ये हे लोकांच्या पडद्यावर आलं, ते ‘जाहिरातींतला वाढीव खासगीपणा’ अशा थाटात. युरोपबाहेर खाली बटणं दोन: ‘समजलं’ आणि ‘सेटिंग्ज’.

‘नको’ कुठे होतं? सेटिंग्जच्या आत, शोधलंत तर.

कुकीज शेवटी गेल्या का नाहीत, याची गोष्ट आणखी मजेदार. ब्रिटनच्या स्पर्धा नियामकाने २०२१ मध्येच चौकशी लावली होती. शंका साधी: कुकीज गेल्या की बाकीचे जाहिरातवाले आंधळे होणार, आणि गूगलला सर्च, यूट्यूब, जीमेल आणि नकाशांमधून सगळं दिसतच राहणार. म्हणजे खासगीपणा दिला तर मक्तेदारी वाढते, नाही दिला तर पाठलाग चालू राहतो. छापा पडला तरी कंपनी जिंकणार, काटा पडला तरी कंपनीच. नाणं कोणाचं होतं?

ऑक्टोबर २०२५ मध्ये टॉपिक्ससह सँडबॉक्सची बहुतेक तंत्रं निवृत्त झाल्याचं जाहीर झालं. सहा वर्षं, ढीगभर कागदपत्रं, परिषदा. कुकी जागेवर. मिक्सरही.

याच काळात क्रोममध्ये एक गोष्ट मात्र तडीस गेली. यूब्लॉक ओरिजिन हा लोकांचा लाडका जाहिरातरोधक २०२४-२५ मध्ये क्रोमने टप्प्याटप्प्याने बंद पाडला. एक्स्टेन्शनचे नियम बदलले, जुनं चालणार नाही म्हणे. हवी तर त्याची सौम्य आवृत्ती घ्या. नियम बदलायचं कारण काय दिलं होतं? सुरक्षितता, वेग आणि हो, तुमचा खासगीपणा.

खासगीपणा राखून जाहिराती पोचवायला सहा वर्षांत तोडगा निघत नाही. अडवणाऱ्याला बाहेर काढायला बरोबर निघतो.

फिंगरप्रिंटिंगची गोष्टही सांगायलाच हवी. तुमच्या स्क्रीनचा आकार, फॉन्ट, टाइमझोन, आयपी पत्ता असे तुकडे जोडून तुम्हाला ओळखायचं. कुकी पुसता येते, हे पुसता येत नाही. २०१९ मध्ये गूगलने स्वतःच लिहिलं होतं की, हा प्रकार लोकांच्या निवडीला बगल देणारा आणि चुकीचा आहे. १६ फेब्रुवारी २०२५ पासून गूगलने जाहिरातदारांवर घातलेली या प्रकाराची बंदी उठली. ब्रिटनच्या माहिती आयुक्तालयाने या निर्णयाला बेजबाबदार म्हटलं.

चूक तीच राहिली. तिचं वय तेवढं सहा झालं.

मग दुसरा ब्राउझर घ्यावा? घ्या ना. सफारी कुकीज अडवते, पण तिच्यात गूगल सर्च ठेवण्यासाठी ॲपलला २०२२ या एका वर्षात २० अब्ज डॉलर मिळाले, असं अमेरिकेतल्या खटल्यात उघड झालं. कुकी कशाला हवी? कुठे दुखतंय, कर्ज कितीचं हवंय, मुलगी कोणत्या कॉलेजात घालायची, हे सर्चच्या चौकटीत आपण स्वतःच्या हाताने लिहून देतो.

डकडकगो तर खासगीपणाचंच दुकान. मे २०२२ मध्ये कळलं की, त्यांचा ब्राउझर इतरांचे ट्रॅकर अडवतो, मायक्रोसॉफ्टच्या काही ट्रॅकर्सना मात्र जाऊ देतो. सर्चचे निकाल मायक्रोसॉफ्टकडून घेतले होते, करारात तसं होतं. बोंब झाल्यावर ऑगस्टमध्ये सुधारलं. बोंब झाली नसती तर?

फायरफॉक्स जाहिरात कंपनी नाही, हे आपलं शेवटचं समाधान. त्या घरची चूल बरीचशी गूगलच्या पैशावर पेटते, हे आपण समजून घेत होतो. जून २०२४ मध्ये फायरफॉक्स बनवणाऱ्या मोझिलाने जाहिरात-मोजणीची एक कंपनी विकत घेतली. जुलैमध्ये फायरफॉक्सच्या १२८व्या आवृत्तीत जाहिरातींचा परिणाम मोजणारी सोय आली. खासगीपणा राखून मोजायची म्हणे. मेटाच्या मदतीने आखलेली, आणि न विचारता चालू केलेली. तुम्हाला समजावणं अवघड म्हणून विचारलं नसावं.

फेब्रुवारी २०२५ मध्ये त्यांच्या प्रश्नोत्तरांतून ‘तुमची माहिती आम्ही विकत नाही, कधी विकणार नाही’ या अर्थाचं वचन काढून टाकलं. खुलासा आला की, काही ठिकाणी कायदा विक्रीचा अर्थ फार व्यापक धरतो. वचन दिलं तेव्हा वकील सुट्टीवर होते काय?

फायरफॉक्समध्ये एक जुनं बटण होतं, ‘डू नॉट ट्रॅक’. माझ्या मागे लागू नका, असं प्रत्येक वेबसाइटला नम्रपणे सांगणारं. २०१२ मध्ये क्रोमनेही ते बसवलं. त्याच कंपनीच्या मदतपानावर पुढे लिहिलं होतं की, बहुतेक वेबसाइट्स ही विनंती आल्यावर आपलं वागणं बदलत नाहीत. गूगलच्या वेबसाइट्सही त्यात आल्या. विनंती पाठवणारेही तेच, केराची टोपली दाखवणारेही तेच.

डिसेंबर २०२४ मध्ये फायरफॉक्सने ते बटण काढायला घेतलं. एक कारण सगळ्यांना ठाऊक होतं, कोणी जुमानत नाही. दुसरं कारण जास्त भारी. ‘माझ्या मागे लागू नका’ म्हणणारे इतके थोडे की, त्या विनंतीवरूनच तुम्हाला गर्दीत ओळखणं सोपं जातं.